गोगलगाय मागे चालत नाही

संयमावर भाषणं देणाऱ्या माणसाइतका उतावळा माणूस जगात दुसरा नसतो, असं ताईचं ठाम मत होतं. ते तिनं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. सख्ख्या धाकट्या भावाकडे पन्नास वर्षं बघून बनवलेलं होतं.

भाऊ नावाजलेला छायाचित्रकार. कशाचा, तर हळू चालणाऱ्या जिवांचा. गोगलगायी, भूछत्रं, कोषातून बाहेर येणारं फुलपाखरू, दगडावर वर्षाला केसभर सरकणारं दगडफूल. कॅमेरा त्यांच्या नाकाला नाक लावून उभा करायचा, दर काही मिनिटांनी एक फोटो घ्यायचा, असे हजारो जमले की एकामागोमाग पळवायचे. पंधरवड्यात जे घडलं ते दोन मिनिटांत दिसतं आणि लोक तोंडात बोटं घालतात. मग हा मुलाखती देतो. "मी काही करत नाही हो, मी फक्त वाट बघतो," असं दाढीवरून हात फिरवत सांगतो. ते ऐकून ताईला हसावं की रडावं कळायचं नाही. हा वाट बघतो? चहाला उकळी येईपर्यंत ज्याला दम निघत नाही, लिफ्टचं बटण जो सात वेळा दाबतो, तो? वाट कॅमेरा बघतो. हा शेजारी खुर्ची टाकून मोबाइल चाळत बसतो. ताईनं त्याचं नाव महर्षी ठेवलं होतं आणि ते ती तोंडावर म्हणायची. त्याला तो गौरव वाटायचा.

ताईचं स्वतःचं काम डाग काढायचं. तरुणपणी ती एका फोटो स्टुडिओत होती. केसाएवढ्या बारीक ब्रशनं लोकांच्या मुरमांवर, देवीच्या वणांवर, डोळ्यांखालच्या काळ्यावर रंग लावायची. एका साहेबांची वाकडी जिवणी तिनं इतकी बेमालूम सरळ केली होती, की साहेब पुढं आयुष्यभर तोच फोटो सगळीकडे देत राहिले. मग ब्रश गेला, कॉम्प्युटर आला, स्टुडिओ बंद पडला, आणि भावानं तिला आपल्याकडे आणलं. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, नळाच्या टाकीचा आवाज सतत येतो तिथं, तिचं टेबल. पडद्याला उजेड लागू नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा, शेजारी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. दिवसभर एकेका फोटोवरची धूळ, केस, पाण्यातला कचरा वेचायचा. "पूर्वी माणसांची तोंडं धुवायचे, आता शेवाळाचं धुते," असं ती म्हणायची. फिल्मच्या शेवटी नावं येत. त्यात कॅमेऱ्याला लागणारी बॅटरी कुणी पुरवली त्याचंही नाव असे. ताईचं नसे.

या खेपेचं काम मत्स्यालयातलं होतं. तिथं एका टाकीत प्रवाळ होतं, केशरी, ताटाएवढं. ज्यांनी ते वाढवलं त्यांना सगळे टाकीवाले म्हणत. माणूस साठीला टेकलेला, पायांत कायम रबरी बूट, खाऱ्या पाण्यानं हातांना भेगा पडलेल्या. पाणी जिभेला लावून ते खारटपणा सांगत आणि यंत्र नंतर हो म्हणे. अंगठ्याएवढा तुकडा होता तेव्हापासून अकरा वर्षं त्यांनी ते प्रवाळ सांभाळलं होतं. काम सुरू होण्याआधी ते मुद्दाम स्टुडिओत आले होते.

"बाकी काही नाही साहेब," ते म्हणाले होते, "फक्त रात्री दिवे बंद ठेवा. जीव आहे तो. त्याला अंधार लागतो."

"दिवे बंद-चालू केले की रंग बदलतो, दादा. चौदा दिवस उजेड एकसारखा पाहिजे," महर्षी म्हणाले.

"मग पाणी तापतं हो. निदान मला दिवसातून एकदा आत येऊ द्या."

"आत कुणी नाही. फरशीवर पाऊल पडलं तरी कॅमेरा हलतो. तुम्ही चौदा दिवस जरा संयम ठेवा."

हे 'संयम ठेवा' ताईनं मागच्या खोलीतून ऐकलं आणि तिला ठसका लागला.

चौदा दिवस झाले. दर पाच मिनिटांनी एक फ्रेम, अशा चार हजार बत्तीस फ्रेमा. महर्षींनी सामान आवरलं, टाकीवर काळं कापड टाकलं, "दोन दिवस झाकून ठेवा, त्याला विश्रांती हवी," असं सांगून किल्ली परत केली. दोन दिवसांनी टाकीवाल्यांनी कापड काढलं तर आत पांढरंफटक हाड. त्यावर शेवाळ धरायला लागलेलं.

मत्स्यालयानं टाकीवाल्यांच्या नावानं नोटीस काढली. नोटिशीला एक छापील चित्र जोडलेलं होतं, फिल्मच्या जाहिरातीचं. त्यात प्रवाळ डवरलेलं, एकेक बोंड उघडलेलं, आणि खाली लिहिलेलं, 'चौदावा दिवस'. चौदाव्या दिवशी असं होतं आणि सोळाव्या दिवशी मेलं, तर या दोन दिवसांत तुम्ही काय केलंत, असा प्रश्न होता. सोमवारी चौकशी. चौकशी म्हणायची पद्धत. एकतीस वर्षांची नोकरी गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बुधवारी टाकीवाले ते कागद घेऊन स्टुडिओत आले. त्यांना वाद घालायचा नव्हता.

"साहेब, शेवटच्या दिवसाचे अजून फोटो असतील तर बघायचे होते. मलाच कळत नाहीये, माझ्या हातून काय झालं."

महर्षींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "शनिवारी मत्स्यालयातच फिल्म दाखवतोय आम्ही. या. सगळं तिच्यात आहे." आणि दाराकडे वळवून त्यांना बाहेर काढलं. एवढ्या हळुवारपणे माणसाला हाकलायची कला मात्र त्याला खरोखर साधली होती.

ताईच्या हातात तेव्हा ही फिल्म दोन दिवसांपासून होती. सोबत महर्षींची यादी. पहिलं कलम असं: 'फ्रेम २८४८ ते २८५१. हलल्या आहेत. सरळ कर. कुणी मूर्ख दार बडवत होता.' ते तिनं सोमवारी सकाळीच उरकलं होतं. चारही फ्रेमा थरथरलेल्या, कडा दुहेरी झालेल्या. तिनं मनातल्या मनात त्या मूर्खाला चार शिव्या हासडल्या, एकेक कड जुळवली, आणि अर्ध्या तासात असं काही गुळगुळीत करून ठेवलं की तिथं कधी काही हललं होतं हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. आपल्या कामावर ती खूश झाली. दुसरं कलम: 'डाव्या कोपऱ्यात गोगलगाय येते. काढून टाक. लक्ष जातं.' ते किचकट होतं, म्हणून तिनं शेवटी ठेवलं. मधले दोन दिवस धूळ वेचण्यात गेले.

आणि या धुळीपाशीच माशी शिंकली. डाग काढणाऱ्या माणसाला धुळीचा स्वभाव माहीत असतो. पहिल्या दिवशी काच लख्ख असते. मग एक कण बसतो, मग दुसरा, पाण्यातला गाळ काचेला धरतो, आणि शेवटाकडे जावं तसतसं काम वाढत जातं. तीस वर्षांत यात बदल झालेला तिनं पाहिला नव्हता. या फिल्ममध्ये उलट होतं. पहिल्याच फ्रेमेत धुळीचा बाजार, आणि पुढं जावं तसतसे कण एकेक करून गायब. शेवटच्या दिवशी काच अशी, की आत्ताच पुसलीय. ताईला वाटलं, आपले डोळे गेले. तिनं थेंब घातले आणि गुरुवारी सकाळी गोगलगायीकडे वळली.

गोगलगाय हरभऱ्याएवढी होती. सहाशेएक फ्रेमा ती कोपऱ्यात होती, प्रवाळाच्या बुडाशी दगड चाटत. पुसण्याआधी तिचा रस्ता बघावा म्हणून ताईनं त्या फ्रेमा पळवल्या. गोगलगाय शेपटीकडून आत आली, मागे मागे सरकत दगड ओलांडून गेली, आणि शिंगं सगळ्यात शेवटी नेत बाहेर पडली. ताईनं पुन्हा पळवल्या. मग तिनं त्या शेवटाकडून सुरुवातीकडे पळवल्या. गोगलगाय शिंगं पुढं करून सरळ, शहाण्यासारखी चालत गेली. तिच्यामागचं प्रवाळ तेवढ्यात थोडं फिकट झालं.

मग ताईनं सगळी फिल्म उलटी बघितली. एकटीनं, पुठ्ठ्याच्या आडोशात मान घालून. केशरी फिकट होतंय, बोंडं मिटतायत, कडेनं पांढरं आत येतंय. महर्षी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. दिवे बंद केले नाहीत. मरू दिलं, सगळं टिपलं, आणि मेलेलं कुणी बघणार नाही म्हणून आकडे उलटे घालून त्याचं फुलणं केलं. फिल्मचं नाव काय, तर 'पुनरागमन'. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तू उलटी लावलीयस," ती पुढच्या खोलीत जाऊन म्हणाली.

महर्षी आरशासमोर शनिवारसाठी झब्बा घालून बघत होते. दचकले, पण क्षणभरच.

"ताई, काळ ही काय एका दिशेची गोष्ट आहे?"

"ते मुलाखतीत सांग. ते प्रवाळ तुझ्या दिव्यांनी मेलं."

"कशानं मेलं ते मला काय माहीत? मी डॉक्टर आहे का? आणि लोकांना काय दाखवू, एक वस्तू पांढरी होत जाते ते? लोकांना आशा लागते."

"त्या माणसाची नोकरी चाललीय, रे."

"मी त्याचं नाव घेतलं का कुठं? मत्स्यालयाच्या मॅडमनी मला विचारलं, शेवटी कसं होतं. मी म्हणालो, फिल्म बघा. एक अक्षर खोटं बोललो नाही मी. चौदावा दिवस वगैरे त्यांच्या ऑफिसनं छापलं."

"आणि तू छापू दिलंस."

"ताई," तो आवाज खाली आणून म्हणाला, लहानपणी काही फोडलं की आणायचा तसा, "तुला या वयात दुसरीकडे कोण काम देणारेय? गोगलगाय तेवढी काढ. उद्या संध्याकाळपर्यंत दे."

ताई मागच्या खोलीत येऊन बसली. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं त्यानं आपल्याला आपली पायरी दाखवली याचं तिला वाईट वाटलं, आणि त्याचं म्हणणं खरं होतं याचं त्याहून जास्त. भांडायचं धाडस तिला झालं नाही. तिनं एक युक्ती काढली आणि स्वतःवरच खूश झाली. गोगलगाय तिनं काढलीच नाही. उलट तिच्या आजूबाजूचा कचरा स्वच्छ वेचून तिला अशी उठावदार केली, की आंधळ्यालाही दिसावी. मत्स्यालयात येणार सगळे जाणकार. गोगलगाय मागे चालत नाही हे तिथं शिपायालाही माहीत असेल. त्यांचं ते ओळखतील. आपण मूग गिळून बसायचं. शुक्रवारी तिनं फिल्म दिली. वाट बघणाऱ्या महर्षींनी सुरुवातीची दहा सेकंदं बघितली, "मस्त" म्हणाले आणि पाठवून दिली. एकूण दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांची फिल्म; तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

शनिवारी सकाळी अकराला मत्स्यालयाचं सभागृह भरलं. पुढच्या रांगेत संचालक मॅडम, त्यांच्याशेजारी समुद्रजिवांवर पुस्तकं लिहिलेले एक प्राध्यापक, मागे निसर्गप्रेमी मंडळी. निसर्गावर प्रेम करताना घालायचे कपडे सगळ्यांनी घातलेले, खिशांना खिसे लावलेले. महर्षींनी आधी पंचवीस मिनिटं संयमावर भाषण केलं. त्या वेळात त्यांनी चार वेळा घड्याळ बघितलं. ताई मागच्या रांगेत बसली होती. तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून टाकीवाले, धुतलेल्या गणवेशात. आज त्यांनी बूट घातले होते, चामड्याचे. ते त्यांना चावत होते.

दिवे मालवले. पडद्यावर पांढरं प्रवाळ आलं आणि हळूहळू रंगायला लागलं. लोक 'अहाहा' करायला लागले. ताईचं लक्ष डाव्या कोपऱ्यात. आली. भिंतभर पडद्यावर गोगलगाय आता बैलाएवढी दिसत होती. शेपटीकडून आली आणि मागे मागे निघाली. 

"अय्या, किती गोड!" पुढून एका बाईंचा आवाज आला. "मागे मागे चाललीय बघा!"

आता, ताईला वाटलं. आता प्राध्यापक उठतील.

प्राध्यापक चष्मा सावरून पुढं वाकले. "हो, काही जातींत आढळतं असं," ते म्हणाले. "फार दुर्मीळ चित्रण आहे हे." शेजारच्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं. महर्षींना पडद्यावर गोगलगाय दिसली तेव्हा त्यांचा चेहरा एकदा पडला, पण 'दुर्मीळ' ऐकताच तो परत जागेवर आला, आणि त्यांनी नम्रपणे मान झुकवली. प्रवाळ डवरलं, फिल्म संपली, टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढी विद्वत्ता एका खोलीत भरली होती आणि तिला हरभऱ्याएवढ्या जिवाची पुढची बाजू कुठली हे ठरवता येत नव्हतं. ताईनं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात शेजारून कुणीतरी नाक ओढलं. टाकीवाले रडत होते.

"बघितलंत, ताई?" ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी केवढं फुललं होतं. अकरा वर्षांत मी असं बघितलं नव्हतं. आणि मी दोन दिवसांत मारलं. कापडाखाली काहीतरी चुकलं माझं. सोमवारी मी सांगून टाकणार आहे, माझ्याच हातून झालं म्हणून."

त्यांनी गोगलगाय बघितलीच नव्हती. ते फक्त प्रवाळाकडे बघत होते. ताईला आपल्या युक्तीची शिसारी आली. तोंड उघडायला लागू नये म्हणून आपण एका गोगलगायीला साक्षीला पाठवलं, आणि स्वतः मागच्या रांगेत अंग चोरून बसलो. महर्षी घरातूनच शिकले होते.

ती उठली. मधल्या वाटेनं पुढं गेली, टेबलावरच्या कॉम्प्युटरपाशी थांबली. टाळ्या अजून चालू होत्या.

"ताई, खाली बस," महर्षी हसऱ्या तोंडानं, दातांमधून म्हणाले.

"फोटो मी साफ केलेत," ताई खोलीला उद्देशून म्हणाली. "ही फिल्म उलटी आहे. गोगलगाय मागे चालत नाही. कुठलीच. आता सरळ बघा."

तिनं दोन बटणं दाबली. ते काम तिला कुणी शिकवायला नको होतं.

केशरी प्रवाळ दिसलं, आणि कोपऱ्यात 'पहिला दिवस' म्हणावा अशी लख्ख काच. मग ते फिकट व्हायला लागलं. कुणी अहाहा केलं नाही. गोगलगाय आली, शिंगं पुढं काढून, सरळ चालत गेली. प्राध्यापक आपल्या बुटांकडे बघायला लागले. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांत अकरा वर्षांचं झाड हाड होऊन पडद्यावर उभं राहिलं. दिवे लागले तेव्हा मॅडम उभ्या होत्या. महर्षी 'कलेचं स्वातंत्र्य' असं काहीतरी म्हणायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तुम्ही माझ्या खोलीत चला," त्या महर्षींना म्हणाल्या. मग मागे वळून टाकीवाल्यांना, "तुम्ही सोमवारी यायची गरज नाही. म्हणजे चौकशीला. कामावर या."

टाकीवाल्यांनी मान हलवली, पण ते त्यांच्या कानांत शिरलं नसावं. ते चावणाऱ्या बुटांतून लंगडत पुढं आले आणि ताईपाशी थांबले.

"ताई, रंग उतरायला कधी लागला ते दिसेल का यात?"

तिनं फिल्म मागे नेली, थांबवली. कडेला नुकती पांढरी रेघ धरली होती. केशरी अजून पुष्कळ होतं.

"हा पाचवा दिवस," ती म्हणाली. "दुपारी साडेबाराच्या सुमाराला."

"बरोबर," ते म्हणाले. "दाराला बारकी काच आहे. त्यातून मला रंग वेगळा दिसला. तेव्हा दिवे मालवले असते तर वाचलं असतं. मी किती वेळ दार वाजवत होतो. साहेब आत खुर्चीवर दिसत होते. नंतर ते छापील चित्र बघून वाटलं, मलाच भास झाला." ते पडद्याकडे बघत राहिले. "पण इथं तर काहीच हललेलं दिसत नाही. एवढं वाजवलं मी. मला वाटलं होतं, निदान ते तरी आलं असेल फोटोत."

ताईनं पडद्याच्या कोपऱ्यातला, महर्षींनी उलटा घातलेला आकडा बघितला. २८५१. तिला यादीतलं पहिलं कलम आठवलं, सोमवारची सकाळ आठवली, एकेक जुळवलेली कड आठवली. चार फ्रेमा. दर पाच मिनिटांनी एक.

"आलं होतं, दादा," ती म्हणाली. "तुम्ही वीस मिनिटं दार वाजवत होतात. ते मी पुसलं."